स्टँडिंग डेस्क घ्यावा का? आधी चौरंग, मग मोटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, इंदिरानगरात घर, पुण्याच्या कंपनीचं काम घरून, डायनिंग टेबलावर लॅपटॉप आणि रोजची नऊ-दहा तासांची बैठक. दुपारनंतर कंबर धरते, दोन वर्षांत वजन वाढलंय, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आलाय. मोटरवर वर-खाली होणारा २८ हजारांचा डेस्क बघून ठेवलाय, तो घ्यावा का? घरात आई मात्र विरोधात आहेत. त्यांनी उभा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला आणि आता म्हणतात, "उभ्याने काम करून माझ्या पायांचं काय झालं ते दिसत नाही का तुला?"

मी वीसेक वर्षं नाशिकमध्ये फिजिओथेरपी करते. माझ्याकडे दोन्ही बाजूंची माणसं येतात. एकीकडे तुमच्यासारखे लॅपटॉपवाले, सीए, बँकेतली मंडळी. दुसरीकडे सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लाइनवर आख्खी शिफ्ट उभे राहणारे, सलूनवाले, शिक्षिका, आणि जानेवारी ते एप्रिल द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव-दिंडोरीकडच्या पॅकहाउसमध्ये टेबलाशी उभं राहून घड साफ करणाऱ्या बायका. बसणाऱ्यांची कंबर दुखते आणि उभं राहणाऱ्यांचीही कंबर दुखते. वर त्यांच्या टाचा आणि पोटऱ्याही दुखतात. त्यामुळे 'बसणं वाईट, उभं राहणं चांगलं' हे वाक्य मला कधी पटलेलं नाही. शरीराला त्रास होतो तो एकाच स्थितीत तासन् तास अडकून पडण्याचा. डेस्ककडून काय मिळेल आणि काय नाही, हे त्यावरूनच ठरतं.

तुम्ही एका खरेदीत तीन दुखणी बसवली आहेत: कंबर, वजन आणि साखर. तिन्हींचं उत्तर वेगवेगळं आहे.

वजनाचं आधी उरकून टाकू, कारण तिथे फार बोलण्यासारखं नाही. बसण्यापेक्षा उभं राहिल्याने मिनिटाला साधारण ०.१५ कॅलरी जास्त खर्च होते. २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात हा आकडा आला. साधारण ६५ किलोच्या माणसाने सहा तास बसण्याऐवजी उभं राहून काढले तर जेमतेम ५४ कॅलरी, म्हणजे एक पोळीसुद्धा नाही. वजनासाठी डेस्क घेणार असाल तर पैसे वाचवा.

साखरेच्या बाबतीत गोष्ट जास्त रंजक आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलायचं मोठं काम स्नायू करतात, आणि त्यासाठी स्नायू आकुंचन पावायला हवेत. नुसतं उभं राहिलं की मांड्या-पोटऱ्या थोडंफार काम करतात, पण चाललं की खऱ्या अर्थाने कामाला लागतात. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या लोकांना दिवसभर बसवून बघितलं. दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटं चालायला लावलं, तर खाण्यानंतरची साखर सलग बसून राहण्यापेक्षा लक्षणीय कमी चढली. तुमचा ६.१ हा आकडा मधुमेहाच्या अलीकडचा, पण धोक्याच्या पट्ट्यातला आहे (५.७ ते ६.४). म्हणून तुमच्यासाठी दिवसातली सगळ्यांत किमती दहा मिनिटं म्हणजे दुपारच्या जेवणानंतरची. तुम्ही लिहिलंय की दीडला जेवता आणि दोनच्या मीटिंगला थेट त्याच खुर्चीत बसता. ताट उचललं की चप्पल घालून सोसायटीला दोन फेऱ्या मारा. उन्हाळ्यात ऊन असेल तर पार्किंगमधून. ही दहा मिनिटं कोणतंही टेबल तुम्हाला देणार नाही. साखरेच्या बाकीच्या उपचारांसाठी तुमच्या डॉक्टरांचं ऐका, ते माझं क्षेत्र नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण डेस्क विकणारे ती हमखास पुढे करतात. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने लंडनच्या डबलडेकर बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त आढळला, कंडक्टरांमध्ये कमी. यावरून 'बघा, बसणं किती घातक' असं सांगितलं जातं. पण कंडक्टर एका जागी उभे नव्हते. ते तिकिटं फाडत दिवसभर जिना चढत-उतरत होते. शिवाय मॉरिस यांनीच पुढे १९५६ मध्ये गणवेशांच्या मापांवरून दाखवलं की ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर नोकरीला लागतानाच जास्त होता. म्हणजे फरकाचा काही भाग माणसं कामावर येण्याआधीचाच होता. अभ्यास मोठा आहेच, पण तो हालचालीच्या बाजूने बोलतो. उभं राहण्याच्या बाजूने त्यातून काहीच निघत नाही.

तुमच्या आईंचं म्हणणं मात्र संशोधनातही सापडतं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये सात हजारांहून जास्त कामगारांवर बारा वर्षं लक्ष ठेवलं, त्यात मुख्यतः उभं राहून काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका बसून काम करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ८३ हजार प्रौढांच्या माहितीवर सिडनी विद्यापीठाचा अभ्यास आला: जास्त उभं राहिल्याने हृदयाचं रक्षण होत नाही, आणि दिवसात दोन तासांच्या पुढे उभं राहणं गेलं की पायांच्या शिरा फुगणं, रक्ताच्या गुठळ्या होणं यांसारख्या त्रासांचा धोका वाढत जातो. कारण साधं आहे. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, तेही आकुंचन पावले तरच. चालताना तो पंप चालू असतो. पुतळ्यासारखं उभं राहिलं की बंद. रक्त खाली साचतं, शिरांवर ताण येतो आणि संध्याकाळी घोट्याला मोज्याचा वळ उमटतो. अंबडच्या लाइनवरच्या माणसांच्या पोटऱ्या मी रोज बघते. फळ्यासमोर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या शिक्षिकांच्याही तशाच असतात.

हे वाचून 'मग बसलेलंच बरं' असं मात्र मनात आणू नका. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचं विश्लेषण आलं. दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त बसणाऱ्यांच्या मृत्यूचा वाढलेला धोका रोज ६० ते ७५ मिनिटं दमदार चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये दिसेनासा झाला. आता दहा तास काम करणारा माणूस रोज तासभर कुठून आणणार, हा प्रश्न आहेच. पण सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पाऊण तास आणि जेवणानंतर दहा-दहा मिनिटं, एवढं जमलं तरी तुम्ही डेस्कपेक्षा कितीतरी पुढे गेलात.

आता कंबर. इथे डेस्कचा उपयोग होऊ शकतो, पण तुमची कंबर कोणत्या प्रकारची आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. समोर बसवून तपासल्याशिवाय मी ते ठरवू शकत नाही, पण तुम्ही स्वतः काही गोष्टी बघू शकता. बसल्यावर, विशेषतः पुढे झुकून बसल्यावर दुखणं वाढतं, खोकताना-शिंकताना चमक मारते आणि उठून चाललं की बरं वाटतं? मग मणक्यांमधल्या चकतीचा (डिस्कचा) त्रास असण्याची शक्यता जास्त, आणि अशा माणसांना मध्ये मध्ये उभं राहून काम केल्याने खरंच आराम पडतो. उलट उभं राहिल्यावर, मागे वाकल्यावर दुखतं आणि खुर्चीत बसलं किंवा पुढे टेकलं की हायसं वाटतं, असं असेल तर उभ्याचा डेस्क त्रास वाढवेल. ही दुसरी तऱ्हा साधारणपणे साठीच्या पुढे जास्त दिसते, पण तरुणांत अजिबात नसते असं नाही. आणि तिसरी तऱ्हा, जी तुमच्या वयात सगळ्यांत जास्त दिसते: कुठल्याही एका स्थितीत अर्धा-पाऊण तास गेला की अवघडल्यासारखं होतं आणि हललं की सुटतं. तुमच्या वर्णनावरून मला हीच वाटते.

'बसल्यावर मणक्यावर उभ्यापेक्षा ४० टक्के जास्त दाब येतो' हे वाक्य तुम्हीही वाचलं असेल. त्याचं मूळ १९६०च्या दशकातल्या स्वीडनमधल्या मोजमापांत आहे. संशोधकांनी चकतीत सुई घालून दाब मोजला होता. १९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकावर पुन्हा मोजलं तेव्हा सैलावून टेकून बसल्यावरचा दाब उभ्यापेक्षा कमी निघाला. एका माणसावरून नियम होत नाही हे खरं, पण तो ४० टक्क्यांचा आकडा पोस्टरवर छापण्याइतका पक्का नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

मला तुमच्या पत्रात कमरेचं खरं कारण दिसतं ते वेगळंच, आणि ते तुम्ही ओझरतं लिहिलंय: डायनिंग टेबल. आपल्याकडचं डायनिंग टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं. ते जेवायला ठीक आहे. पण साडेपाच फुटी माणूस साध्या खुर्चीत बसला की त्याचं कोपर जमिनीपासून ६५ ते ७० सेंटीमीटरवर येतं. म्हणजे कीबोर्ड कोपरापेक्षा वर. मग खांदे कानाकडे उचलले जातात, त्यातून सुटका म्हणून माणूस पुढे सरकतो, पाठ खुर्चीची टेकू सोडते, आणि स्क्रीन खाली असल्याने मान लोंबते. दोन तासांत पाठीचे स्नायू ओरडायला लागतात. हाच लॅपटॉप तुम्ही २८ हजारांच्या डेस्कवर ठेवून उभे राहिलात, तर मान तशीच लोंबणार. फक्त आता उभ्याने. अशी माणसं माझ्याकडे येतात. डेस्क नवा, मान जुनीच.

म्हणून पहिला खर्च वेगळा कीबोर्ड आणि माउस. हजार-दीड हजारात काम होतं. लॅपटॉप डब्यांवर किंवा जाड पुस्तकांवर इतका उचला की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर थोडी खालीच ठेवा, नाहीतर हनुवटी वर करून बघायची सवय लागते. खुर्चीवर घट्ट उशी घालून बसणं उंच करा आणि पाय अधांतरी राहू लागले की खाली देवघरातला जुना पाट ठेवा. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी. हे दोन आठवडे करा. माझ्या अनुभवात तुमच्यासारख्या बऱ्याच जणांची कंबर एवढ्यावरच निम्मी शांत होते.

तिसऱ्या आठवड्यात उभ्याची चाचणी घ्या, पण डेस्क न आणता. आधी स्वतःचं माप काढा. घरात जे पायात घालता तेच घालून भिंतीला पाठ लावून उभे राहा, खांदे सैल सोडा, कोपर अंगाशी काटकोनात वाकवा आणि आईंना कोपराच्या खालच्या टोकाशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायला सांगा. टेपने जमिनीपासून मोजा. साडेपाच फुटांना हे माप साधारण १०५ सेंटीमीटर येतं. कीबोर्ड त्या खुणेच्या बरोबरीला किंवा बोटभर खाली हवा. आता हिशेब सोपा आहे: ७५चं डायनिंग टेबल आणि त्यावर फूटभर उंचीचा चौरंग. कीबोर्ड चौरंगावर, लॅपटॉप त्यामागे आणखी फूटभर वर. काही जण स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून बघतात आणि 'उभ्याने तर पाठ जास्तच दुखली' म्हणतात. ओटा ८०-८५चा असतो. त्यावर वाकून टाइप केल्यावर दुसरं काय होणार? आणि हो, चौरंग हलतोय का ते आधी तपासा. लॅपटॉप पडला तर त्याचा खर्च डेस्कपेक्षा जास्त.

किती वेळ उभं राहायचं? पहिल्या आठवड्यात एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीनदा. टाच किंवा पोटरी कुरकुरली नाही तर हळूहळू वाढवा. काही तज्ज्ञांनी चार तासांपर्यंत जायला सांगितलंय, पण मी माझ्या पेशंटना सगळं मिळून दोन तासांच्या आसपास थांबवते. घड्याळाचा गजर लावू नका. चार दिवसांनी तुम्ही तो न ऐकताच बंद करायला लागाल. त्यापेक्षा काम बघून ठरवा. फोन, मीटिंग, ईमेल वाचणं हे उभ्याने. बारीक टायपिंग, एक्सेल, माउसने नेमकं काही पकडायचं काम बसून, कारण उभं असताना हात तेवढा स्थिर राहत नाही. ज्या मीटिंगमध्ये तुम्ही फक्त ऐकायला असता, त्यात कानात इअरफोन घालून घरभर फिरा.

पायाखालीही लक्ष द्या. आपण घरात अनवाणी आणि खाली कडक टाइल्स. त्यावर तासभर उभं राहिलात की टाचेचा तळवा सुजतो, आणि सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा रुतल्यासारखं होतं. हे दुखणं महिनोन् महिने जात नाही. घरात वापरायची मऊ चप्पल घ्या, किंवा योगा मॅटची चौपदरी घडी. पाट इथेही कामाला येतो: एक पाय त्यावर, पाच-सात मिनिटांनी दुसरा. पॅकहाउसमधल्या माझ्या एका पेशंटबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी द्राक्षांचा रिकामा क्रेट पालथा घालून पायाखाली घेतला आणि हंगामाच्या शेवटी बघते तर त्यांच्या आख्ख्या टेबलाशी क्रेट लागलेले. गुडघे ताठ कुलूपबंद करून उभं राहू नका, मध्ये मध्ये टाचा उचला. हा पोटरीचा पंप हाताने चालवण्याचा प्रकार समजा.

ज्यांच्या शिरा आधीच फुगलेल्या आहेत, मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालीये, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांना उभं राहिल्यावर चक्कर येते, त्यांनी उभ्याची हौस डॉक्टरांना विचारूनच करावी. आणि तुमच्या कमरेबाबत: कळ खुब्यातून पायाकडे गुडघ्याखाली उतरत असेल तर आधी तपासून घ्या. पाऊल उचलताना लटकं पडायला लागलं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा बदलला, तर चौरंग-डेस्कच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

चौरंगावर महिनाभर टिकलात, तर डेस्क घ्या. मी डेस्कच्या विरोधात नाही. चौरंग रोज मांडायचा-उचलायचा कंटाळा हा खरा अडथळा असतो, आणि बटण दाबून टेबल वर येत असेल तर माणूस जास्त वेळा उठतो. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या समीक्षेत असे डेस्क मिळालेल्यांचं ऑफिसातलं बसणं दिवसाला साधारण दीड ते दोन तासांनी कमी झालेलं दिसलं, जरी पुरावा फार भक्कम नव्हता. तुमच्या कमरेला तेवढा बदल पुरेल.

घेताना जाहिरातीतली वरची उंची बघू नका, खालची बघा. दोन टप्प्यांच्या (एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांच्या) पायांचे डेस्क बरेचदा ७०-७२ सेंटीमीटरच्या खाली येतच नाहीत, म्हणजे बसल्यावर पुन्हा डायनिंग टेबलचीच कथा. तीन टप्प्यांचे पाय ६०-६५ पर्यंत उतरतात. घरात कुणी तुमच्यापेक्षा बुटकं ते वापरणार असेल तर हा फरक जास्तच जाणवेल. दुकानात टेबल तुमच्या भिंतीवरच्या खुणेच्या उंचीला आणून त्यावर जोरात टाइप करून बघा. डगमगलं की स्क्रीन थरथरते आणि डोळे शिणतात. दोन उंची लक्षात ठेवणारी बटणं असावीत, कारण दर वेळी अंदाजाने थांबवावं लागलं की आठवड्याभरात टेबल एकाच जागी अडकतं. सोसायटीत वीज जात असेल तर ते इन्व्हर्टरवर चालतं का हेही विचारून घ्या, नाहीतर मुसळधार पावसात टेबल वर अडकलेलं आणि तुमची मीटिंग तासाभराची.